येळवशीचं गेट

चिंचोडी विमानतळ,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ती. जगदेवी अक्कास, धाकट्या रेवणचा शरणार्थ.

फोन तू उचलत नाहीस. मंजुश्रीच्या फोनवर केला तर ती म्हणते, "मामा, आई पूजेला बसलीय." सकाळी केला तरी पूजा, दुपारी केला तरी पूजा. सात वर्षं झाली अक्का, एवढी पूजा मठातले स्वामीसुद्धा करत नसतील. म्हणून आता पोस्टानं लिहितोय. शिवानीला म्हणावं, आजीला नीट वाचून दाखव, मामाआजोबाची चिठ्ठी चुलीत घालू नको.

कामाचं आधी. येळवस यंदा एकोणीस डिसेंबरच्या अमावस्येला आहे, शुक्रवारी. तू यायचंस. बिलोलीला सकाळीच गाडी पाठवतो. गुडघ्याचं कारण सांगू नकोस, गाडी गेटातून आत पार दाजींच्या समाधीपर्यंत नेतो. आंबिलीचं बिंदगं मी घेतो डोक्यावर. हसू दे लोकांना, विमानतळाचा मॅनेजर डोक्यावर गाडगं घेऊन चालला म्हणून.

तुझा राग रास्त आहे. मी नाकारत नाही. विमानतळाला जमीन गेली तेव्हा सगळ्या गावाच्या सह्या झाल्या होत्या, तुझी एकटीची राहिली होती. दाजींना जाऊन तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं. आपल्यात असते तशी रानातच समाधी, चुना मारलेला पांढरा ओटा. तू म्हणालीस, "ह्यांना सोडून सही कशी करू?" कंपनीचा जमिनीचा माणूस मीच होतो. मी म्हणालो, "अक्का, दरवर्षी येळवशीला गेट उघडेल. तू येशील, दिवा लावशील, रानात जेवशील. माझा शब्द." तेवढ्यावर तू सही केलीस.

पहिली दोन वर्षं तू आलीस, दिवा लावलास. आणि मग ती येळवस. वरून साहेब लोक पाहणीला आलेले. तू बिंदगं घेऊन गेटाबाहेर उभी. वॉचमन शेषेराव तेव्हा नवीन, तो म्हणे साहेबांना विचारतो. साहेब म्हणजे मी. तुला मी सांगितलं होतं की फोन गाडीत राहिला. अक्का, फोन टेबलावरच होता, माझ्या हातापाशी. तीनदा वाजला. शेषेरावचं नाव दिसत होतं. तू तासभर थांबलीस, आंबील गेटासमोर मातीत ओतलीस आणि गेलीस. शेषेरावनं नंतर सांगितलं मला.

त्यानंतर दर येळवशीला मी ते गेट उघडत आलो. गावातली पाच-पंचवीस घरं येतात, आपापल्या जुन्या रानात बसतात, जेवतात, जातात. तू तेवढी येत नाहीस. समाधीला चुना मीच मारतो. यंदा ये. मी पुढच्या सालात रिटायर होतो, मग गेट कुणाच्या हातात जाईल सांगता येत नाही.

डोळ्यांचं काय केलंस? मोतीबिंदू पिकला म्हणून मंजुश्री बोलली होती, त्याला तीन वर्षं झाली. अंगावर काढू नकोस.

तुझा
रेवण


चिंचोडी विमानतळ,
२३ नोव्हेंबर २०२५

ती. अक्कास शरणार्थ.

पोच नाही. नसू दे. शिवानीनं वाचून दाखवली असं धरून चालतो.

एक आनंदाची बातमी आहे. आपल्याकडं विमान येतंय. खरंखुरं, तिकिटाचं, एकोणीस सीटचं, मुंबईचं. इतकी वर्षं आपल्या धावपट्टीवर महिन्यातून एखादा पुढारी उतरायचा आणि बाकीचे दिवस कुत्री पळायची. लोक मला तोंडावर म्हणायचे, "रेवणसाहेब, नांदेडला विमानं उडतात, तुमच्याकडं काय उडतं? धुरळा." आता बोला म्हणावं.

त्यासाठी काल मीटिंग झाली. मुंबईचे साहेब त्याला स्टेकहोल्डर मीटिंग म्हणतात. म्हणजे ज्याचं ज्याचं काही ना काही अडकलंय ते सगळे एका टेबलाला बसवायचे आणि मधे मॅनेजरला बसवायचं. विमान कंपनीचा पोरगा म्हणतो, रोज बारा सीटा भरल्या पाहिजेत, नाहीतर आम्ही चाललो. व्यापारी म्हणतात, वेळ सकाळची करा, मग बघू. टॅक्सीवाले म्हणतात, बाहेरची गाडी आत दिसली तर काच ठेवणार नाही. गावच्या सरपंच गुणाबाई म्हणतात, "आमच्या चाळीस पोरांस्नी कामाला घ्या, मंग इमान उतरू द्या." मुंबईचे साहेब म्हणतात, खर्च एक पैसा वाढता कामा नये. आणि सगळे बोलताना बघतात माझ्याकडं. मी मान हलवतो. दिवसभर मान हलवून संध्याकाळी मानेला बाम लावला.

एकच बारीकशी अडचण आहे. उद्घाटनाची तारीख त्यांनी एकोणीस डिसेंबर धरलीय. पाहुण्याला तोच दिवस मोकळा आहे म्हणे. मी उभा राहून सांगितलं, साहेब, त्या दिवशी येळवस आहे. त्यांना कळेना. म्हटलं, मार्गशीर्षातली अमावस्या. ते हसले. "अमावस्या-बिमावस्या तुम्ही अजून मानता?" म्हटलं, मानायचा प्रश्न नाही हो. त्या दिवशी आमच्याकडं घरटी माणूस रानात असतो. कडब्याची कोप, म्हणजे झोपडी करतात, पाच दगड पांडव म्हणून पुजतात, भज्जी-आंबील खातात. ज्याला रान नाही त्याला दुसरा बोलावतो. वाटेवरच्या माणसाला जेवल्याशिवाय पुढं सोडत नाहीत. सरकारी सुट्टी असते. त्यावर साहेब खूश. "सुट्टी आहे? मग तर उत्तम! गर्दी होईल."

आता काय सांगावं? येळवशीला शहरात कुत्रं सापडत नाही, हे त्या माणसाला कसं समजवायचं? गुणाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. पण तारीख बदला म्हणून त्याही बोलल्या नाहीत, चाळीस पोरांचं अडलेलं.

तू काळजी करू नकोस. विमान येऊन दीड तासात जाणार. गेटाचं मी बघतो. तू तयारीत राहा.

रेवण


लातूर,
४ डिसेंबर २०२५

अक्का,

घरून लिहितोय, ऑफिसात डोकं चालत नाही.

गेटाचं अवघड होऊन बसलंय. तुला पहिल्या चिठ्ठीत शब्द दिला म्हणून लपवत नाही. तपासणीवाले आले होते. धावपट्टी संपते तिथून पुढं दोनशे पावलं जागा सपाट आणि मोकळी पाहिजे, विमान चुकून पुढं गेलं तर. त्या जागेत दाजींची समाधी येते. तपासणीवाल्यानं बोट दाखवून विचारलं, "वो सफेद क्या है?" माझ्या तोंडून निघून गेलं, "कुछ नहीं साब, पुराना ओटा है."

कुछ नहीं म्हणालो, अक्का. दाजींना.

दुसऱ्या दिवशी मी प्रांत ऑफिसला गेलो. प्रांत मॅडम नवीन आहेत, तरुण आहेत, पण माणूस चांगलं. सगळं ऐकून घेतलं. चहा दिला. म्हणाल्या, "रेवणसिद्धजी, समाधी आणि वर्षातून एक दिवसाची वहिवाट, हे दाखवणारा एक कागद आणा. एकच. मी कंपनीला धावपट्टी त्या बाजूनं तेवढी कमी धरायला लावते. लहान विमान आहे, चालतं." माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी कपाटातून आपल्या विमानतळाची फाईल काढली.

फाईलमध्ये दर साली एक दाखला आहे. लायसनसाठी लागतो. "हद्दीत कोणाची वहिवाट नाही, अतिक्रमण नाही, धार्मिक बांधकाम नाही." असे नऊ दाखले. खाली सही माझी. नऊच्या नऊ.

 मॅडमनी फाईल माझ्याकडं फिरवली.

मी काय करणार होतो? आहे म्हणून लिहिलं असतं तर पहिल्याच साली वरून हुकूम आला असता, काढून टाका. नाही म्हणून लिहीत गेलो म्हणून समाधी राहिली, गेट उघडत गेलं. आपल्याकडं असंच चालतं ना? कागदावर आणलं की कुणीतरी हरकत घेतं, तोंडी ठेवलं की सगळ्यांचं भागतं. बांध असाच राखतो, पाणी असंच वाटून घेतो. मला वाटलं मी लई शहाणा. सरकारपण खूश, अक्कापण खूश. आता माझ्याच सहीनं माझं तोंड बंद झालं.

गावाकडं गेलो. म्हटलं गाव उठलं तर काही होईल. गुणाबाईंच्या ओसरीवर बसलो. त्या म्हणाल्या, "रेवणअण्णा, खरं बोलू का? येळवस आम्ही कुणाच्या बी रानात करू. पोरं आठ सालापासून रिकामी फिरायलीत. गेटापायी इमान गेलं तर ती पोरं मला गावात राहू देतील का?" मी म्हणालो, आणि दाजींची समाधी? त्या खाली बघून म्हणाल्या, "जगदेवीबाईचं लई वाईट वाटतं हो." एवढंच. त्यांचंही चुकलं असं मला म्हणता येईना.

विमान कंपनीच्या पोराला फोन केला, तो म्हणे जागेचं आमच्याकडं नाही. मुंबईला केला, ते म्हणे तपासणीवाल्यांचं आहे. तपासणीवाले म्हणे, आम्ही फक्त मॅनेजरचा दाखला बघतो. फिरून फिरून भोपळे चौकात, अक्का, आणि चौकात मीच उभा.

अजून पंधरा दिवस आहेत. बघतो.

रेवण


चिंचोडी विमानतळ,
१२ डिसेंबर २०२५

अक्का,

यंदा येऊ नकोस.

थंडी लई पडलीय. माळावर वारं सोसत नाही. तुझे गुडघे दुखतात, त्यात गाडीचा प्रवास. उद्घाटनाची धामधूम आहे, पोलीस असतील, तुझ्याकडं बघायला मला वेळ होणार नाही. मंजुश्रीच्या सासरच्या रानात करा यंदाची येळवस, त्यांचंही मन राखलं जाईल. पुढच्या साली निवांत बघू.

समाधीची काळजी करू नकोस. दाजी आहेत तिथं आहेत.

परवा दुपारी आत एक काम होतं, तास-दीड तास अनवाणी उभा राहिलो, मुरमानं तळपाय सोलून निघाले. त्यामुळं काल घरीच बसलो होतो. बाकी ठीक.

येऊ नकोस. ऐक माझं.

रेवण


लातूर,
२० डिसेंबर २०२५

अक्का,

तू आलीस.

गाडी पाठवली नाही तरी आलीस. एस.टी.नं फाट्यावर उतरलीस, येळवशीचा दिवस, रिक्षा नाही, तिथून अडीच किलोमीटर चालत आलीस. शिवानीच्या हातात टोपली, तुझ्या डोक्यावर बिंदगं. बाहेरून काय दिसलं ते तुला ठाऊक आहे. आत काय चाललं होतं ते तरी तुला कळू दे.

मंडप घातला होता तीनशे खुर्च्यांचा. विमान यायच्या वेळेला त्यात मी, दोन पोलीस, मुंबईचे साहेब आणि वाजंत्रीवाल्यांतला एक जण, त्याचे बाकीचे रानात गेलेले. शाळेची मुलं झेंडे घेऊन येणार होती, सुट्टी. अग्निशमनच्या बंबानं विमानावर पाण्याची कमान करायची होती, ड्रायव्हर सासुरवाडीच्या शेतात. फोन केला तर म्हणतो, "साहेब, तुम्हीच या हिकडं, भज्जी मस्त झालीय." आणि ज्या पाहुण्यासाठी तारीख धरली तो पाहुणाही कुणाच्या तरी रानात जेवायला थांबला तो थांबलाच. त्यांच्या पी.ए.नं कळवलं, मतदारांचा आग्रह मोडवत नाही.

विमान आलं. सात माणसं उतरली, त्यातली तीन कंपनीचीच. एक बाई मला विचारतात, "इथं काही झालंय का? कर्फ्यू आहे का?" एक टॅक्सी नाही बाहेर. ती सगळी सामान ओढत फाट्याकडं चालत निघाली, मागनं मुंबईचे साहेबही, आणि फाट्याचा रस्ता जातो तुझ्या गेटावरून.

मी धावपट्टीच्या कडेनं पळत आलो तोवर तू त्यांना रस्त्याच्या कडेला बसवून घेतलं होतंस. बाजरीचे उंडे, भज्जी, तिळाच्या पोळ्या. बॅगांवर बसून जेवत होती माणसं. मुंबईच्या साहेबांनी तीनदा भज्जी मागून घेतली. शिवानी आंबील वाढत होती. ज्यांच्यासाठी तुला बाहेर ठेवलं त्यांनाच तू जेवू घालत होतीस. येळवशीला वाटेवरच्या माणसाला उपाशी जाऊ देत नाहीत, हे तू विसरली नाहीस. मी जाळीच्या आतनं बघत उभा राहिलो. माझ्याकडं त्या गेटाची किल्ली नाही, अक्का. नवीन कुलूप आहे, किल्ली सिक्युरिटी कंपनीच्या पुण्याच्या माणसाकडं असते. शपथ घेऊन सांगतो, मी मागितली होती.

मग तू माझ्याकडं आलीस. भाकरीवर भज्जी घालून दिलीस तर ती जाळीतून येईना. कुत्री शिरतात म्हणून बारीक जाळीसाठी मीच तीन पत्रं लिहिली होती. तू तांब्या कलंडवलास. मी ओंजळ धरली. अर्धी आंबील शर्टावर गेली, अर्धी प्यालो. सात वर्षांनी तुझ्या हातचं. मला रडू आलं ते तुला दिसलं असेल नसेल.

तू एवढंच बोललीस, "समाधीवर दिवा लाव. मी हितनं बघते."

मी म्हणालो, आत्ता आत जाता येत नाही, विमान गेल्यावर. तू म्हणालीस, "थांबते." आणि थांबलीस. दिवस मावळेपर्यंत दगडावर बसून राहिलीस, त्या वाऱ्यात. विमान कधीच निघून गेलं होतं. शेवटी मी गेलो, पणती लावली, वाकून नमस्कार केला. तिकडून बघितलं तर तू उभी राहून हात जोडले होतेस. एवढ्या लांबून तुला, तुझ्या त्या डोळ्यांना, उजेड तरी दिसला का? दिसला असेल. पणती चांगली तासभर तेवत होती समाधीवर.

तुझं समाधान झालं ना, अक्का? तेवढं एक मला कळव.

रेवण


लातूर,
१८ जानेवारी २०२६

अक्का,

महिना झाला. ही चिठ्ठी चार वेळा लिहून फाडली.

विमान बंद झालं. सगळे मिळून बावीस दिवस चाललं. मुंबईच्या साहेबांनी अहवाल दिला, त्याची प्रत मला आली. पहिलंच वाक्य असं की उद्घाटनालाच स्थानिक जनतेचा प्रतिसाद अत्यंत थंड होता. तुझी तीन वाट्या भज्जी पोटात घालून त्या माणसानं हे लिहिलं. आता धावपट्टीवर कुत्रीसुद्धा नाहीत, जाळी बारीक आहे ना. गुणाबाईंच्या चाळीस पोरांतली चार घेतली होती, तीही घरी बसली. गुणाबाई समोरून येताना दिसल्या तर मी रस्ता बदलतो.

म्हटलं विमान गेलं तर निदान गेट तरी उघडा. तसं पत्र लिहिलं. उत्तर आलं, सुरक्षेची पातळी एकदा वाढवली की कमी करता येत नाही. येणार काहीच नाही, पण बंद मात्र राहणार. प्रांत मॅडमना भेटलो. त्या म्हणाल्या, "आता मी तरी कशाच्या आधारावर सांगू? तिथं आता काहीच नाही."

आता ते लिहितो.

अक्का, समाधी तिथं नाही. येळवशीच्या आधीच नव्हती. दहा डिसेंबरला ठेकेदारानं मशीन आणलं. माझाच दाखला हातात, धार्मिक बांधकाम नाही. मी म्हणालो, अर्धा दिवस दे, जंगम बोलावतो, विभूती लावतो, मग काय ते कर. तो म्हणे, साहेब, मशीन भाड्याचं आहे, उद्या उमरीला जायचंय. मी मुंबईला फोन लावला. उचलला नाही. तीन वेळा लावला. तेव्हा मला माझा टेबलावरचा फोन आठवला.

मी मशीनसमोर आडवा पडायला पाहिजे होतं. दाजींनी मला शिकवलं, त्यांच्या सायकलवर बसून मी मॅट्रिकच्या परीक्षेला गेलो. पण मी आडवा पडलो नाही. चप्पल काढली आणि उभा राहिलो. एवढंच केलं मी. ओट्याचे दगड निघाले, वर दोन फूट मुरूम पडला, रोलर फिरला. खाली खोदलं नाही, हे मी डोळ्यांनी बघितलं, खाली दाजी तसेच आहेत. मग त्यानं काम पूर्ण झाल्याचा कागद पुढं केला, आणि मी त्यावर सही केली. सवयीनं केली.

येळवशीच्या संध्याकाळी तू दिवा लाव म्हणालीस तेव्हा मी सांगायला पाहिजे होतं. जाळी मधे होती, तोंडानं सांगता आलं असतं. जमलं नाही. मी आत गेलो तर सगळीकडं एकसारखं सपाट. बाभळ होती ती आधीच्या सालात तोडलेली, विहीर बुजवलेली, बांध नाही. दाजी नेमके कुठं ते मला सापडेना. लहानपणापासून त्या रानात वावरलेला माणूस मी. इकडं चार पावलं, तिकडं चार पावलं केली. तू बघत होतीस. मग एका ठिकाणी अंदाजानं पणती ठेवली आणि वाकलो.

तुला दिसत नाही हे मला माहीत होतं. त्याचाच मी फायदा घेतला. टेबलावरच्या फोनपेक्षा हे वाईट आहे, मला कळतं.

रिटायर झालो की बिलोलीला येईन. दारात उभा राहीन. आत घेऊ नये वाटलं तर घेऊ नकोस, पण हे दुसऱ्याच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळू दे म्हणून लिहिलं.

रेवण


बिलोली,
२७ जानेवारी

रेवण,

मी सांगायले आन् शिवानी लिहायली. तिला म्हटलं माझं बोलणं हाय तसं लिही.

तुझ्या सगळ्या चिठ्ठ्या पोचल्या. पेटीत हायत.

मागच्या उन्हाळ्यात माझे दोन्ही डोळे नांदेडला नेऊन केले. शिवानीनं नेलं. तू फोन करायचास तवा मीच म्हणायची पूजेला बसले म्हणून सांग, मंग डोळ्याचं तुला कोण सांगणार? आता लख्ख दिसतं. भिंतीवरची मुंगी दिसती.

त्या दिवशी सकाळी गेटापशी आले तवाच दिसलं मला ओटा न्हाई ते. मारुतीचा कळस आन् गावातली पाण्याची टाकी एकामागं एक आली की तिथं तुझे दाजी. त्याला बाभळ बी लागत न्हाई आन् बांध बी लागत न्हाई. तू दिवा लावलास तो तिथून चाळीस पावलं हिकडं. तिथं आपली विहीर होती. इतकी वर्सं पाणी पाजलं तिनं, बुजवताना तिला कुणी दिवा लावला नव्हता. ते एक बरं झालं.

मंग हात कशाला जोडलेस असं तू इचारशील. तू त्या उघड्या माळावर आंधळ्यावानी जागा हुडकत फिरत हुतास, पायात चप्पल नव्हती. मला वाटलं, आता हे पोर रडंल. म्हणून उभी राहिले आन् हात जोडले, की बाबा, सापडलं, जा घरी.

राग हाय अजून. जाणार न्हाई तो. तरी ये. भाकरी मिळंल.

येत्या येळवशीला मी त्याच दगडावर येऊन बसणार हाय. गेट उघडलं तर कळव. न्हाई उघडलं तरी कळव.

तुझी अक्का